चिंचवस्तीच्या रक्ताची चौकशी

मनुष्य दुसऱ्यास मारतो तो रक्तामुळे मारतो की शिकवणीमुळे मारतो, हा प्रश्न विद्वानांपुढे फार वर्षांपासून आहे, असे मी वाचले आहे. माझ्यापुढे तो गेल्या फाल्गुनात, मंगळवारी सकाळी साडेआठ वाजता, कानिफभाऊंच्या गोठ्यात आला. त्या वेळी माझा डावा हात खांद्यापर्यंत प्लास्टिकच्या मोज्यात आणि कोपराच्या वरपर्यंत त्यांच्या गायीत होता.

माझा व्यवसाय कृत्रिम रेतनाचा आहे. कोल्हारपासून सहा किलोमीटरवरच्या आमच्या गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर मी मोटारसायकलला नायट्रोजनचा कॅन बांधून फिरतो. गाय माजावर आली की तिला योग्य वळूच्या गोठवलेल्या रेताची कांडी भरतो आणि वहीत नोंद करतो. लोक मला डॉक्टर म्हणतात, परंतु मी डॉक्टर नाही. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले असून त्यातही गणित राहिलेले आहे. तथापि वाचनाची आवड मी सोडली नाही. श्रीरामपूरच्या एका रद्दीवाल्याकडून मी मानसशास्त्राचा एक जाड ग्रंथ वजनावर घेतला होता. त्याला मुखपृष्ठ नव्हते आणि शेवटची पन्नासेक पाने नव्हती. त्यात आक्रमकता, मनोविकार आणि गुन्हेगारी यांची कारणे दोन बाजूंनी मांडली होती. एका बाजूस मेंदू, ग्रंथी आणि अनुवंश होता. दुसऱ्या बाजूस बालपण, अनुकरण, शिक्षा आणि बक्षीस होते. पहिली बाजू वाचली की ती पटत असे आणि दुसरी वाचली की तीही पटत असे. शेवटच्या प्रकरणाचे नाव अनुक्रमणिकेत ‘समारोप’ असे छापलेले होते. निकाल त्यात दिलेला असावा. ते प्रकरण माझ्याकडे नाही.

"गहिनी, एक इचारू का?" कानिफभाऊ म्हणाले.

"हात बाहेर येऊ द्या, मग विचारा."

"हात राहू दे. अडकलेला माणूस खरं बोलतो."

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. त्यांची मुलगी निकिता गावच्या दूध संकलन केंद्रावर दुधाची फॅट तपासते. तिच्यासाठी चिंचवस्तीवरच्या काकासाहेबांच्या ओंकारचे स्थळ आले होते. मुलगा सत्तावीस वर्षांचा, सुप्याच्या एमआयडीसीत कारखान्यात कायम झालेला, सुपारीचेही व्यसन नसलेला. शिवाय मुलीच्याही मनात तोच होता.

"मग अडचण कशाची?"

"अडचण त्याचा बाप. आन् बापाचा बाप. आन् त्याचा बी बाप."

चिंचवस्तीच्या घराण्याची कीर्ती आमच्या भागात सर्वांस ठाऊक आहे. ओंकारचे पणजोबा सखाहरी यांनी पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून एका गृहस्थाच्या कानाचा तुकडा दाताने तोडला होता. आजोबा बन्सी यांनी चुलतभावाच्या डोक्यात खोरे घातले. चुलतभाऊ वाचले, परंतु त्यांना एका बाजूने ऐकू येईनासे झाले आणि बन्सी चार वर्षे तुरुंगात राहिले. आता ते हयात नाहीत. वडील काकासाहेब यांच्या नावावर दोन एसटी कंडक्टर, एक ग्रामसेवक आणि सोसायटीची एक खुर्ची आहे. खुर्ची त्यांनी विहिरीत टाकली होती. एकदा त्यांनी स्वतःच्या ट्रॅक्टरला लाथ मारली आणि अंगठा मोडून घेतला. त्यांच्या आईने, छबूबाईंनी, त्यांना नगरला मनाच्या डॉक्टरांकडे नेले होते. डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या गोळ्या दिल्या. काकासाहेबांनी चार दिवस घेतल्या आणि पाचव्या दिवशी राग येईना म्हणून घाबरून बंद केल्या.

"मला एवढंच सांग," कानिफभाऊ म्हणाले, "हे रक्तात हाय का संगतीत? संगतीतलं असंल तर पोरगं सुप्याला ऱ्हातंय, संगत सुटली. रक्तातलं असंल तर सुप्याला गेलं काय आन् दिल्लीला गेलं काय."

"हा विषय गहन आहे, भाऊ."

"गहन बिहन न्हाई. तीन वर्सांमागं तू जी कांडी भरली, तिची ही कालवड." त्यांनी कोपऱ्यातल्या काळ्या-पांढऱ्या कालवडीकडे बोट केले. "हिनं माझं म्होरचं दोन दात नेलं. जावयाच्या बाबतीत तसं व्हायला नको. तू बघ, कागदावर लिही, खाली सही कर. ऐतवारी बैठक हाय. रक्तात निघालं तर मी त्या बैठकीतच न्हाई म्हणनार."

कालवडीच्या बाबतीत माझे म्हणणे निराळे होते. त्या वळूच्या अकरा लेकी माझ्या वहीत आहेत. पैकी नऊ शांत आहेत, एक बाजारात विकली गेल्यामुळे तिच्याविषयी काही कळत नाही, आणि अकरावी ही. ही जन्मली तेव्हा बैलगाडीच्या धक्क्याने बिचकून तिने एकदा पाय झाडला होता. कानिफभाऊंनी ती मारक्या जातीची ठरवली, वेगळ्या खुंटाला आखूड दाव्याने बांधली, आणि जवळ जाण्यापूर्वी तिच्या पाठीत आगाऊ दोन काठ्या घालण्याची पद्धत ठेवली. हे मी वहीत लिहिले नव्हते, कारण वहीत तसा रकाना नाही.

काम मी स्वीकारले. दुपारी दूध केंद्रावर गेलो असता निकिता नमुन्याच्या बाटल्या धूत होती.

"काका, तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय?" तिने मान वर न करता विचारले.

"दोन्ही लिहिले आहे."

"मग तुमी कुठलं लिहिनार?"

"चौकशीअंती जे निघेल ते."

"गायीला तुमी कधी इचारत न्हाई, तुला कुठला वळू पायजे म्हणून. मला तरी इचारा."

हे म्हणणे रास्त होते. मी विचारले.

"मला ओंकारच पायजे," ती म्हणाली. "आन् त्याला मी पायजे, पण तो म्हणतो, आधी काकांचा कागद येऊ दे. त्यालाच स्वतःची भीती वाटती. तवा नीट बघा. घाईत कांडी भरल्यावानी करू नका."

सिद्ध वळूंची यादी छापून येते, तीत वळूच्या नावाखाली सर्वांत आधी त्याच्या आईचे दूध दिलेले असते. बापाचा क्रमांक नंतर येतो. गावात मात्र स्थळाची चौकशी नेमकी उलटी चालते. काकासाहेबांचा बाप, आजा, कान, खोरे हे सर्व लोकांस पाठ होते, परंतु त्यांच्या आईकडच्या माणसांनी कधी कोणास मारले काय, हे कोणीही सांगू शकत नव्हते. छबूबाईंचे माहेर लांब, पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीच्या पलीकडे आहे. वंशावळीत ती बाजू कोरी ठेवून सही करणे माझ्या व्यवसायास शोभणारे नव्हते. गुरुवारी मी कॅन घरी उतरवून मोटारसायकल काढली.

वाटेत सुप्याला थांबलो. ओंकार जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकाबाहेर आला. शिडशिडीत, आवाज हळू, केस डाव्या बाजूस चापून बसवलेले. त्याच्या पायात मार्चच्या उन्हातही काळे बूट होते.

"तुला राग येतो का?" मी विचारले.

"येतो ना, काका."

"मग काय करतोस?"

"बुटाची नाडी सोडतो आन् परत बांधतो. दोन्ही पायांची. बांधून हुईपर्यंत निघून जातो. हितं लोक म्हणतात, ह्याची नाडी कायम सुटलेली." तो हसला नाही. "शाळेत असताना मास्तर म्हणाले हुते, बन्सीचा नातू हाय, ह्याला कबड्डीत घेऊ नका, कुणाचा तरी हात मोडंल. मला लई वाईट वाटलं. मग वाटलं, खरं बी असंल. आत बसलेलं असंल आन् आपल्याला म्हाईत नसंल. तवापासनं मी कुणाच्या अंगाला हात लावला न्हाई. काका, खरं असंल तर खरं लिहा. निकिताला म्हणावं मी नाद सोडला."

ग्रंथात लिहिले आहे की काही गुण एक पिढी दडून राहतात. मी हे त्यास सांगितले नाही. वहीत ‘मारहाण : शून्य’ अशी नोंद केली आणि पुढे निघालो.

छबूबाईंच्या माहेरी आता त्यांचा भाऊ किंवा भावजय कोणीही उरलेले नव्हते. त्यांची थोरली बहीण त्याच गावात दिली होती. तीही वारली होती, परंतु तिचे यजमान म्हसूतात्या पंच्याऐंशीच्या घरात असून चार मुलांसह एकत्र राहत होते. मी गेलो तेव्हा त्यांच्या शेतात शेजाऱ्याचा ट्रॅक्टर नांगरत होता आणि तात्यांचा थोरला मुलगा बांधावर चहाची किटली घेऊन उभा होता.

"ट्रॅक्टर भाड्याने लावला वाटते," मी म्हणालो.

"न्हाई वो," थोरला म्हणाला. "त्यो त्याचंच रान नांगरतोय. दर साली फूटभर आमच्यात येतो. उन्हाचा हाय, म्हणून च्या आणला."

या मुद्द्यावर चौकशी करता असे कळले की त्या घरात तीन पिढ्यांत कोणी कोणास चापटही मारलेली नाही. धाकट्या मुलाच्या लग्नात वाजंत्री दुसऱ्याच वरातीबरोबर निघून गेली, तेव्हा यांनी टाळ्या वाजवत वरात काढली. मी हे सर्व आनंदाने लिहून घेत होतो. तेवढ्यात म्हसूतात्यांनी उकडते म्हणून डोक्याचे फडके काढले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. जनावराच्या अंगावरचे भोवरे पाहणे ही माझी रोजची सवय आहे. केसांचा वळसा कोठे आहे, एक आहे की दोन, उजवा फिरतो की डावा, यावरून गोऱ्ह्याची ओळख पटते. ही सवय माणसांच्या बाबतीतही सुटत नाही. काकासाहेबांच्या कपाळाच्या वर, डाव्या बाजूस, एकमेकांकडे पाठ केलेले दोन भोवरे आहेत. तसे मी दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर पाहिले नव्हते. ओंकार केस चापून बसवतो तेही त्याच जागी. आता तेच दोन भोवरे म्हसूतात्यांच्या पांढऱ्या केसांत होते. मी चारही मुलांस टोप्या काढण्याची विनंती केली. त्यांनी का म्हणून विचारले नाही, लगेच काढल्या. तिघांच्या डोक्यावर तेच दोन भोवरे होते आणि चौथ्यास टक्कल होते.

मावशीच्या नवऱ्याचे भोवरे भाच्याच्या कपाळावर येण्याचे माझ्या व्यवसायात एकच कारण असते. मी वही मिटली.

म्हसूतात्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि मुलांस बैलांकडे धाडले.

"तसलं काय मनात आणू नको, पाव्हण्या," ते म्हणाले. "छबू देवमाणूस हाय. ते पोरगंच आमचं हाय. पाचवं. छबूची कूस उजवंना, आन् बन्सीचं भाऊबंद जमिनीवर टपलेलं. मग छबू दिवस गेल्यात असं खोटंच सांगून म्हायेराला आली. पहिलं बाळंतपण म्हायेरीच असतंय, कुणाला काय वाटनार? माझ्या बायकूनं पोर बहिणीच्या ओटीत घातलं आन् बन्सी दोघांना घेऊन गेला. बाराव्या दिशी पोर चिंचवस्तीला गेलं." त्यांनी फडके पुन्हा डोक्यास गुंडाळले. "बरं हाय न्हवं त्ये? तापट हाय म्हणत्यात. आमच्यात तर कुणी तापट न्हाई. मला वाटलं, पाण्याचा गुण असंल."

शुक्रवारी संध्याकाळी मी चिंचवस्तीवर गेलो. काकासाहेब रानात होते. छबूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी पारनेरला जाऊन आलो एवढेच म्हणालो. त्यांनी हातातली पाकळी सोलून पुरी केली.

"भोवरं बघितलं असशील," त्या म्हणाल्या. "तुझी नजरच तसली. मी तुला बघून त्याला टोपी घालायला लावायची."

"बन्सीबाबांनी या मुलास कसे वाढवले?"

"पोर लई गरीब हुतं रे. कुणी हातातलं भाकरीचं तुकडं घेतलं तर दुसरं बी पुढं करायचं. हे म्हणायचं, छबे, आसं ऱ्हायलं तर लोकांना कळंल, ह्ये आपलं न्हाई. मग पोरानं कुणाला हाणलं की हे खडा गुळाचा द्यायचं. ‘रक्त बोललं, रक्त बोललं’ म्हणत उचलून घ्यायचं. न हाणता रडत आलं तर उपाशी निजवायचं. मी चोरून भाकरी द्यायची, पण गूळ मला देता येत न्हवता, डबा ह्यांच्या उशाला असायचा." त्यांनी सालपटे गोळा केली. "पाच वर्सांत पोर बिघडलं. मग गुळाची गरज ऱ्हायली न्हाई."

माझ्या ग्रंथात कबुतरास दाणा देऊन चोच मारण्यास शिकवल्याचा प्रयोग सविस्तर दिलेला आहे. गुळाचा नाही.

"आजी, रविवारी मला कागदावर सही करायची आहे. हे लिहिल्यास घरातली गोष्ट गावात जाईल. न लिहिल्यास निकिताचे लग्न मोडेल."

"जमिनीचं आता कोण भांडतंय? भाऊबंद समदं पुण्याला गेलं, जमिनी इकून. भ्या एकच हाय, काकासाहेबाचं." त्यांनी पदराला हात पुसले. "तू कागदावर लिहू नको. मी तोंडानं सांगते. नातवाचं लगीन हाय. इतकी वर्सं त्यानं नाड्या बांधल्या. मला दिसत न्हाई व्हय?"

रविवारी सकाळी अकरा वाजता कानिफभाऊंच्या पडवीत बैठक बसली. एका बाजूस कानिफभाऊ आणि मी, समोर काकासाहेब, ओंकार आणि छबूबाई. स्त्रिया आतल्या दारात होत्या. निकिताने पोहे आणि नंतर चहाचा ट्रे आणून ठेवला. सर्वांनी चपला, बूट पायरीखाली काढलेले होते.

"गहिनीनाथ, वाच तुझं पुरान," काकासाहेब म्हणाले. "कान वाचायचा का खोरं आधी? माझी खुर्ची इसरू नको. सागवानी हुती."

कानिफभाऊंनी पाय जरा मागे घेतले.

"वंशावळ तपासता," मी वाचू लागलो, "पितृपक्षाकडे तीन पिढ्या मारहाणीचा गुण दिसतो. तथापि मातृपक्षाकडे..."

"थांब," छबूबाई म्हणाल्या. "मी सांगते."

त्यांनी सांगितले. बहीण, ओटी, बारावा दिवस, बन्सीच्या मागे सायकलच्या कॅरिअरवर बसून केलेला प्रवास, आणि गूळ. त्यांनी एकही गोष्ट वाढवली नाही किंवा गाळली नाही. बोलताना त्या काकासाहेबांकडे पाहत नव्हत्या, पोह्यांच्या ताटलीकडे पाहत होत्या.

सर्वांना काकासाहेबांच्या हातांची काळजी वाटत होती. कानिफभाऊंनी जवळची फुलदाणी हळूच स्वतःच्या मागे ठेवली. परंतु काकासाहेब हलले नाहीत. त्यांनी डाव्या हाताने कपाळाच्या वर, भोवऱ्यांच्या जागी, बोट फिरवले.

"म्हणजे मी त्यातला न्हाईच?" ते म्हणाले.

"न्हाई रे बाबा."

"मग मी आजवर ज्यांना हाणलं, ते कुणाच्या रक्तानं हाणलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले, कारण कागद माझ्या हातात होता. मला त्या क्षणी ग्रंथाच्या शेवटच्या पन्नास पानांची फार उणीव भासली.

"ग्रामसेवकाच्या बायकूनं माझ्याम्होरं हात जोडलं हुतं," काकासाहेब म्हणाले. "मी तिला म्हणलं, बाई, माझा इलाज न्हाई, आमचं रक्तच आसलं हाय. ती म्हणली, बरं." त्यांनी पुढ्यातली ताटली बाजूस सारली. "ती बरं म्हणली."

"म्हणजे माझ्यात बी काहीच न्हवतं," ओंकार म्हणाला.

त्याचा आवाज प्रथम हळूच होता. छबूबाई म्हणाल्या, "काय न्हाई रे माझ्या राजा. तू त्या म्हसूचा नातू."

"काहीच न्हवतं! कबड्डी सोडली मी! दहावीत त्या पोरानं माझी वही नाल्यात फेकली, मी त्याला माझा पेन बी दिला! सत्तावीस वर्षं! उन्हाळ्यात बूट घालतो मी, पायाला फोड येत्यात! आन् घरात आजीला सगळं म्हाईत हुतं!"

त्याचा हात सवयीने पायाकडे गेला. बूट पायरीखाली होते. मग तोच हात ट्रेकडे गेला आणि ट्रे बाजूच्या भिंतीवर गेला. भिंतीपाशी कुणी नव्हते. सात कप होते, त्यांपैकी सहा फुटले आणि सातवा फिरत फिरत माझ्या गुडघ्याशी येऊन थांबला. चहा दिनदर्शिकेवरून खाली ओघळू लागला.

ओंकार स्वतःच्या हाताकडे पाहत उभा राहिला. आयुष्यात प्रथमच केलेल्या कामाकडे मनुष्य जसा पाहतो तसा.

कानिफभाऊ माझ्या कानाशी वाकले. "गहिनी, हे कुठलं?"

"हे नवीन आहे, भाऊ. याची वंशावळीत नोंद नाही."

"आता तर निघालं, रक्त साफ हाय."

"रक्त साफ आहे."

"मग कप?"

"कप रागाने फुटले. राग रास्त होता."

कानिफभाऊंनी यावर विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावरून मला समजले की ते नाही म्हणण्याच्या बेतात आहेत. त्यांचे तोंड उघडलेही होते. तेवढ्यात निकिता आतून केरसुणी आणि सुपली घेऊन आली. ती कोणाकडेही न बघता सरळ ओंकारपुढे उभी राहिली.

"झालं का फेकून?"

"झालं," तो म्हणाला.

"मग भरा आता. काच बारीक हाय, सावकाश. आन् चप्पल घाला आधी, पायात घुसंल."

तो खाली उतरला आणि बूट घालून आला. नाड्या त्याने तशाच मोकळ्या ठेवल्या. मग तो उकिडवा बसला आणि तुकडे एकेक उचलून सुपलीत ठेवू लागला. मोठे आधी, लहान नंतर. बैठकीत केरसुणी धरणारा नवरा मुलगा आमच्या भागात कोणी पाहिलेला नव्हता.

काकासाहेब हे पाहत होते. "मी फोडलेलं मी कधी उचाललं न्हाई," ते म्हणाले. "आई उचालायची." मग ते गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि मुलाच्या शेजारी बसले. तुकडे कसे उचलावेत हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी पहिल्याच तुकड्याला बोट कापून घेतले आणि त्या तुकड्याकडे रागाने पाहिले. कानिफभाऊंनी फुलदाणी आणखी मागे सारली. त्यांनी बोट तोंडात घातले आणि दुसऱ्या हाताने तो तुकडा सुपलीत ठेवला.

"तिकडं टेबलाखाली बी गेल्यात," कानिफभाऊ बसल्या जागेवरून म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी आत बघून आवाज दिला, "अगं, वरच्या फळीवरचं नवं कप काढा. पातेल्यातला च्या थंड व्हायच्या आत सगळ्यांनी घ्यावा."

फळीवरचे नवे कप आमच्याकडे सोयरीक जुळल्यावरच काढतात हे सर्वांस माहीत असल्यामुळे वेगळे बोलण्याची गरज पडली नाही. साखरपुडा अक्षयतृतीयेचा ठरला. काकासाहेबांनी जाताना मला ग्रामसेवकांची बदली कोठे झाली ते विचारले. मी अकोले तालुक्यात म्हणून सांगितले. त्यांनी एसटी कोठून मिळते ते विचारले. कोल्हारहून, असे मी सांगितले. कंडक्टरांचे काय करावे हे मात्र त्यांना किंवा मला सुचले नाही.

माझा कागद कानिफभाऊंनी मागितला नाही. तो मी घडी घालून ग्रंथात, जेथे समारोप असायला हवा होता तेथे ठेवला.

सर्व गेल्यावर ते मला गोठ्यात घेऊन गेले. मंगळवारी भरलेल्या गायीची विचारपूस करून झाल्यावर ते कोपऱ्यातल्या कालवडीपुढे बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी हातातली काठी गव्हाणीमागे टाकली, खुंटाजवळ वाकून दाव्याची गाठ सोडली आणि दावे हातभर लांब केले. कालवड दोन पावले मागे सरकली. तेवढी जागा तिला प्रथमच मिळाली होती.

"जाऊ का हिच्याजवळ?" त्यांनी विचारले.

"काठी न घेता जा. आधी आवाज द्या."

त्याच संध्याकाळी तिने त्यांना पुन्हा एक लाथ मारली. परंतु ती पूर्वीपेक्षा हलकी होती, असे त्यांनी स्वतः मला फोन करून कळविले.